ठरावातला अध्याहृत कर्ता

अन्याय थांबणे आणि अन्यायाचे निवारण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली घडली की दुसरीही आपोआप घडली, असे अन्याय करणाऱ्याला अगदी मनापासून वाटते. ज्याचा पाय दुसऱ्याच्या बोटांवर पडला होता तो पाय उचलतो आणि प्रकरण मिटले असे समजून चालू लागतो. बोटे ज्याची चिरडली तो तिथेच बसून राहतो, आणि हा अजून का बसला आहे म्हणून चालणाऱ्यांना त्याचा थोडा रागही येतो. उरणच्या पुढे, मिठागरांच्या कडेला वसलेल्या पाणखार गावात कोकिळाबाईंच्या बाबतीत हेच झाले होते.

कोकिळाबाई ही गावाची धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन देवांना आणि पितरांना मांडवात बोलावणारी स्त्री ती धवलारीण. भटजीला उशीर झाला तर लोक वाट पाहतात, धवलारीण आली नाही तर हळदच लागत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी गावातल्या एका मुलीने परजातीत लग्न ठरवले आणि त्या लग्नाला कोणी जायचे नाही, असे गावकीने जाहीर केले. मुलीने कोकिळाबाईंना बोलावले. त्या गेल्या आणि गायल्या. गावकीने देवळासमोर सभा घेतली, निर्णयाची चिठ्ठी वाचून दाखवली आणि त्यांना वाळीत टाकले. मिठागरांच्या गावात दुकानदाराने त्यांना मीठ नाकारले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान वारले तेव्हा गावातला एकही खांदा पुढे आला नाही. त्यांचा मुलगा गणराज कंटेनर यार्डात कामाला होता; त्याने तिथल्या ट्रकवाल्यांना हाक मारली, आणि त्या गृहस्थांची अंत्ययात्रा पंजाब आणि बिहारच्या चार माणसांनी नेली, ज्यांना मृताचे नावही नीट उच्चारता येत नव्हते.

पुढे कायद्याचा धाक आला. असले बहिष्कार गुन्हा ठरले आणि गावकीने हा विषय हळूच बाजूला सारला. ना सभा झाली, ना दवंडी. एका सकाळी शेजारच्या चंद्राबाईने नळावर कोकिळाबाईंना “काय गो, बरी हायस ना?” म्हणून विचारले, आणि गावाच्या मते विषय संपला. कोकिळाबाईंनी हंडा उचलला आणि उत्तर न देता त्या घरी गेल्या. तेव्हापासून त्या गावात कोणाशीही बोलल्या नाहीत, कोणाच्या मांडवात गायल्या नाहीत. म्हातारीनेच आता आपल्याला वाळीत टाकले आहे, अशी कुरकुर गावकीत सुरू झाली. एकदोघांनी तर या बाबतीत कायदा आपल्याला काही संरक्षण देतो का, याचीही उरणच्या वकिलाकडे चौकशी केली. लग्ने बाहेरगावच्या धवलारणींवर निभावली जाऊ लागली. त्यातल्या एकीने पितरांना आवाहन करताना नवऱ्या मुलाच्या चुलत्याचेही नाव घेतले. चुलता त्या वेळी मांडवाच्या कडेला बसून चहा पीत होता.

या प्रकरणात महादेवशास्त्री ओढले गेले ते त्यांच्या पुतणीमुळे. शास्त्रीबुवांची नारळीपोफळीची वाडी पाणखारच्या वेशीला लागून. आयुष्यभर त्यांनी तालुक्याच्या हायस्कुलात संस्कृत आणि मराठी व्याकरण शिकवले होते, त्यामुळे पाणखारच्या गावकीतले बहुतेक पंच त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि काही जण एकाच वर्गातून दोनदा गेलेले. पुतणी निवेदिता पनवेलला वकिली करी. वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका मंचाची ती कार्यकर्ती होती. तिचे म्हणणे असे की कायदा गुन्हेगाराला शिक्षा देतो, पण शिक्षेनंतर त्या गावाने आणि त्या घराने एकमेकांसमोर कसे राहायचे, हे कोणीच सांगत नाही. घडले ते उघडपणे सांगितले जावे, क्षमा मागितली जावी, नुकसान भरून निघावे आणि पुन्हा असे होणार नाही याची हमी मिळावी, असे धोरण शासनाने करावे म्हणून मंच धडपडत होता. युद्धे आणि हुकूमशाह्या संपल्यावर देशोदेशी असे करतात, तर एका गावकीला का जमू नये, असे ती विचारी. मसुद्याला नमुना म्हणून एखाद्या गावाचा ठराव जोडायचा होता, आणि त्यासाठी तिने काकांचे शेजारचे गाव निवडले होते.

“काका, आधी याला मराठी शब्द द्या,” ती म्हणाली. “ट्रान्झिशनल जस्टिस.”

शब्द मागितला की शास्त्रीबुवा प्रसन्न होत. त्यांनी पूजा आटोपून कोश उघडले, धातू आणि उपसर्ग तपासले, आणि दुसऱ्या दिवशी ‘संक्रमणकालीन न्याय’ ही संज्ञा पुतणीच्या हाती ठेवली. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत सम्यक् गमन ते संक्रमण, असा विग्रहही त्यांनी समजावला. तिने त्या नावाचा फलक करून पाणखारच्या समाजमंदिरावर लावला.

सभेला गाव लोटले, आणि निम्मे गाव तोंडाला मास्क लावून आले. साथीच्या दिवसांत टीव्हीवरच्या हिंदी बातम्यांनी ‘संक्रमण’ या शब्दाचा एकच अर्थ गावाला शिकवला होता. आरोग्य केंद्राच्या आशाताई तापमापक घेऊन दारात उभ्या होत्या. गावकीचे प्रमुख कोंडाजी पाटील यांनी शास्त्रीबुवांना लांबूनच नमस्कार करून आश्वासन दिले, की गावात एकालाही ताप नाही, आणि ज्याला खोकला आहे तो विड्यांचा आहे. शब्दाची व्युत्पत्ती सांगण्याचा शास्त्रीबुवांनी प्रयत्न केला. पण मास्कच्या आडून कोणाला काय कळले हे त्यांना शेवटपर्यंत समजले नाही.

त्यांनी पुन्हा कोश उघडले. या खेपेस ‘स्थित्यंतरोत्तर न्याय’ असा फलक लागला. गर्दी दुप्पट झाली. लोकांनी तो शब्द ‘स्थलांतर’ असा वाचला होता, आणि बंदराच्या शेजारी राहणाऱ्यांना त्या विषयात शिकवण्यासारखे काही उरलेले नाही. प्रत्येकाच्या काखेत सातबाऱ्याची पिशवी होती. बंदरासाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यातले आमचे साडेबारा टक्के कधी मिळणार, असा प्रश्न पहिल्याच मिनिटाला आला आणि शेवटच्या मिनिटापर्यंत तोच राहिला. निवेदिता घामाघूम झाली. शास्त्रीबुवांना मात्र एका म्हाताऱ्याने बाजूला घेऊन, सर, तुमची वाडी पण जाते का, म्हणून मनापासून विचारपूस केली.

त्या रात्री पानावर बसल्यावर सुचित्राबाईंनी नवऱ्याला ताक वाढता वाढता म्हटले, “अहो, ‘चुकलं म्हणायची सभा’ असं सरळ लिहा ना. इतके उपसर्ग कशाला लावता?”

शास्त्रीबुवांना ते नाव फार उघडेवाघडे वाटले, पण पुतणीने ते उचलले. तिसऱ्या फलकाचा अर्थ मात्र गावातल्या प्रत्येकाला तत्काळ कळला, आणि सभेला कोणीही आले नाही. रिकाम्या सतरंजीवर पुढे एकट्या कोकिळाबाई येऊन बसल्या होत्या. काका-पुतणी सभा आवरेपर्यंत त्या बसल्या आणि मग उठून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी कोंडाजी पाटील वाडीत आले. चप्पल फाटकापाशी काढून, शाळेत ऑफिसात बोलावल्यावर उभे राहत तसे ते पडवीत उभे राहिले. त्यांची नात तेजस्वी हिचे लग्न तोंडावर आले होते, आणि पोरीने हट्ट धरला होता, की कोकिळाआजी गायली तरच हळदीला बसेन, एरवी कोर्टात जाऊन सही करीन. घरातल्या बायका तिच्या बाजूला झाल्या होत्या. पाटलांचा रुबाब एवढाच उरला होता की जेवण वेळेवर मिळे.

“सर, तुमीच काहीतरी लिवा,” ते म्हणाले. “म्हातारीला बरा वाटल, आणि आमाला लागनार नाय, असा.”

शास्त्रीबुवांनी लिहिले. भाषेवर त्यांचे प्रेम होते आणि कोणालाही दुखवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. या दोन्ही गुणांनी मिळून जो ठराव तयार झाला तो असा: ‘गतकाली काही कारणपरत्वे श्रीमती कोकिळाबाई यांच्या कुटुंबाशी असलेला व्यवहार खंडित झाला होता. त्याबद्दल या ठरावान्वये तीव्र खेद व्यक्त करण्यात येत आहे.’

पंचांना तो वाचून दाखवताच सर्वांचे चेहरे उजळले. असा गोड ठराव गावात पूर्वी कधी झाला नव्हता, असे एकाने म्हटले. ‘कारणपरत्वे’ या शब्दावर तर विनेश नावाचा तरुण पंच इतका खूष झाला की त्याने तो पुन्हा म्हणून पाहिला. ठराव एकमताने मंजूर झाला. निवेदितानेही, नमुना मिळाला या आनंदात, तो तिथेच मोबाइलवर टिपून घेतला. इतक्या लवकर इतके एकमत कसे झाले, हा विचार त्या क्षणी कोणाच्याच मनात आला नाही, शास्त्रीबुवांच्याही नाही.

ठराव घेऊन ते कोकिळाबाईंच्या ओटीवर गेले. गणराजने खुर्ची दिली, चहा आला. शास्त्रीबुवांनी स्वच्छ, सावकाश, र्‍हस्वदीर्घ सांभाळून वाचले. कोकिळाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या गावाशी बोलत नसत, पण शास्त्रीबुवा वेशीपलीकडचे.

“परत वाचा, मास्तर.”

त्यांनी परत वाचले. वृद्धेला शब्द अवघड गेले असावेत असे समजून या वेळी थोडे थांबत थांबत वाचले.

“परत वाचा.”

तिसऱ्यांदा वाचताना त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागला. ‘व्यवहार खंडित झाला होता.’ जन्मभर फळ्यावर वाक्ये लिहून त्यांतला कर्ता मुलांना शोधायला लावणाऱ्या त्या माणसाने आपल्याच वाक्यातला कर्ता शोधला. कर्ता होता, तो ‘व्यवहार’ होता. दुपारची वीज जावी तसा तो आपला आपण खंडित झाला होता. दुसरे वाक्य तर त्याहून निवांत. खेद व्यक्त होत होता, पण तो व्यक्त करायला तिथे माणूसच नव्हता. मीठ कोणी नाकारले नव्हते. खांदा कोणी काढून घेतला नव्हता. साऱ्या ठरावात एकच माणूस नावानिशी हजर होता, आणि ती समोर बसून तांदूळ निवडत होती.

शास्त्रीबुवांनी कागदाची घडी घातली. चहाचा कप तसाच बाजूला ठेवला.

“कोकिळाबाई, हा परत नेतो,” ते म्हणाले.

“न्या,” त्या म्हणाल्या. एवढेच, आणि सुपातला खडा वेचून बाहेर टाकला.

शास्त्रीबुवांनी पंचांची सभा पुन्हा बोलावली, आणि ती देवळासमोरच्या मंडपात, जिथे पूर्वी तो निर्णय झाला होता तिथेच व्हावी असा आग्रह धरला. कोकिळाबाईंना निरोप गेला. त्या आल्या आणि खांबाला टेकून, सर्वांकडे पाठ होणार नाही पण कोणाच्या समोरही येणार नाही, अशा बेताने बसल्या. निवेदिता वही न काढता बसली. शास्त्रीबुवा उभे राहिले आणि त्यांनी शांतपणे सांगितले, की ठरावात एक दोष राहिला आहे, कर्ता अध्याहृत आहे, म्हणजे वाक्यात असायला हवा पण लपलेला आहे. तो आज बाहेर काढायचा आहे.

मंडपाचा वर्ग झाला. दोनतीन वयस्क पंचांनी सवयीने मान खाली घातली.

“वाळीत टाकण्याची क्रिया झाली,” शास्त्रीबुवा म्हणाले. “कोणी केली?”

मागून उत्तर आले: परिस्थितीनी. ते त्यांनी फेटाळले. परिस्थिती सभा भरवत नाही. दुसऱ्याने ‘काळानी’ असे सुचवले. तिसऱ्याने, सर्वांना सोयीचे म्हणून, ‘गावानी’ असे सांगितले, आणि त्यावर बऱ्याच माना हलल्या. शास्त्रीबुवांनी विचारले, की कोकिळाबाई गावातल्याच ना; मग त्यांनी स्वतःला वाळीत टाकले काय? माना थांबल्या.

मग कोणीतरी धर्माजींचे नाव काढले. धर्माजी हे त्या वेळचे सरपंच, विनेशचे वडील, आणि त्यांना देवाघरी जाऊन बराच काळ लोटला होता. नाव निघताच मंडपाला जणू वारा लागला. खरे आहे, धर्माजीच फार कडक होते. त्यांच्यापुढे कोणाचे काय चालणार. सारे त्यांनीच केले. ठरावात ‘कै. धर्माजी यांनी’ असे घालावे, कर्ताही येतो आणि कोणाला लागतही नाही. सभा एकमतावर येऊ लागली, आणि शास्त्रीबुवांना आपल्या ठरावाच्या वेळचे एकमत आठवले.

तेवढ्यात विनेश उठला. ‘कारणपरत्वे’वर जीव टाकणारा तो तरुण आता तांबडालाल झाला होता.

“माझा बाप काय एकटाच सभेत बसला व्हता? कोंडाजीकाका, चिठ्ठी कोनी वाचली व्हती? तुमी. मी लहान व्हतू, पन कान हायत मना.”

कोंडाजी चिठ्ठी वाचल्याचे नाकारू शकले नाहीत, कारण त्या सभेत वाचता येणारा, चष्मा घरी न विसरलेला असा तो एकटाच माणूस होता. पण ते म्हणाले, की चिठ्ठी लिहिली होती दुकानदाराने. दुकानदार म्हणाला, की लिहायला कागद आणि आग्रह चंद्राबाईच्या घरचा. चंद्राबाई बायकांतून उठली आणि तिने सांगितले, की आपण नळावर पाणी बंद केले हे खरे, पण ते पलीकडच्या आळीतल्या केसरने शपथ घातली म्हणून. कोकिळाबाईंच्या दारची पणती कोणी विझवली ते केसरने सांगितले. ज्याचे नाव येई तो उठून पुढचे नाव सांगे. मंडपात भयंकर कल्ला झाला. कोणीही स्वतःची चूक कबूल केली नाही. प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याची सांगितली, आणि नेमक्या याच मार्गाने त्या दिवसाचे सत्य एकही कोपरा न सोडता पुरे बाहेर आले. देशोदेशीचे आयोग वर्षानुवर्षे साक्षी घेऊन जे साधतात ते पाणखारने चुगल्यांच्या बळावर चहाच्या वेळेपर्यंत साधले. निवेदिता अवाक् होऊन ऐकत होती.

शेवटी बोलणारे थकले. सांगायचे कोणी उरले नाही, कारण सर्वांचे नाव येऊन गेले होते. ज्या दिवशी गृहस्थाची तिरडी दारात पडून होती त्या दिवशी कोण कोण खिडकी लावून आत बसले होते, हेही त्यात आले होते, आणि ते आल्यावर कल्ला आपोआप विरला. कोकिळाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

शास्त्रीबुवांनी कोंडाजींकडे पाहिले. रागाने नव्हे, विद्यार्थ्याला उत्तर येते हे ठाऊक असलेला शिक्षक पाहतो तसे.

“कोंडाजी, सगळे तृतीय पुरुषात झाले. आता प्रथम पुरुषात.”

कोंडाजी पाटील उठले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि पुन्हा काढली. देवळाकडे पाहून बोलू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी नुसता हात खांबाच्या दिशेने केला. ते वळले.

“आमी कोकिळाबायला वाळीत टाकलां,” ते म्हणाले. मग त्यांनी बोट स्वतःकडे वळवले. “आमी म्हंजे, मी चिठ्ठी वाचली. दादाची मयत झाली तवा मी घरान व्हतू. खिडकीतना बघत व्हतू. आलू नाय. चुकला माझा.”

त्यांच्या मागे एकेक माणूस उठला. काहींनी पूर्ण वाक्य म्हटले, काहींना ‘मी पन’ एवढेच जमले. विनेश वडिलांच्या वतीने उठला आणि त्यांचे नाव घेऊन त्याने वाक्य पुरे केले. चंद्राबाई बसूनच म्हणाली, कारण तिचे गुडघे दुखत होते आणि आता रडूही येत होते.

मग कोणालाच पुढे काय करायचे कळेना. कोकिळाबाईंनी पदराने डोळे पुसले, खांबाला हात देऊन उठल्या, आणि कोंडाजींच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. ते घाबरून एक पाऊल मागे सरले.

“हळद कवा हाय?” त्यांनी विचारले.

कोंडाजींना तारीख आठवेना. घरातल्या बायकांनी चार बाजूंनी ती ओरडून सांगितली. त्यावर, नवऱ्या मुलाकडच्या मेलेल्यांची आणि जिवंतांची नावे वेगवेगळी सांगायला कोणातरी शहाण्याला धाडा, असे बजावून त्या घरी गेल्या. गणराज आईच्या मागून चालला; वेशीपर्यंत त्याला तिघांनी तंबाखू देऊ केली आणि त्याने तिसऱ्याची घेतली.

ओसरत्या उन्हात कोंडाजी शास्त्रीबुवांजवळ येऊन हळूच म्हणाले, “सर, ‘आमी कोकिळाबायला टाकलां’, ह्यो भावे प्रयोग ना?”

“भावेच,” शास्त्रीबुवा म्हणाले, आणि फार वर्षांनी त्यांना या विद्यार्थ्याचा अभिमान वाटला. “पण कर्त्यासह.”

निवेदिताने जुना नमुना मोबाइलवरून पुसून टाकला आणि धोरणाच्या मसुद्यात एक कलम वाढवले: क्षमायाचनेच्या वाक्यात कर्ता असावा. अलिबागच्या बैठकीत एका अधिकाऱ्याने ते कलम फार वेळ निरखले आणि कर्ता म्हणजे सक्षम प्राधिकारी समजायचा का, अशी शंका काढली. तिने नाही म्हटले. मग तो कोणत्या स्तरावरचा असावा, असे त्याने विचारले. कलम सध्या विचाराधीन आहे, आणि मंच दर महिन्याला जाऊन त्याची आठवण करून देतो. पाणखारहून सोबत कधी विनेश जातो, कधी गणराज. परवा दोघे एकाच मोटारसायकलवरून गेले.

तेजस्वीच्या हळदीला शास्त्रीबुवा आणि सुचित्राबाई मांडवाच्या कडेला बसले होते. कोकिळाबाईंचा आवाज आता थोडा चिरकत होता, मधेच धाप लागत होती, आणि त्या विश्रांती घेत तेव्हा सारा मांडव थांबून राही. त्यांनी देवांना बोलावले, पाटलांच्या पितरांना बोलावले, आणि मग कोणी न सांगता धर्माजींचेही नाव घेतले. विनेशने मान फिरवून डोळे पुसले.

ज्यांनी ‘चुकलं’ म्हटले त्यांच्या घरी सुख नांदो. जिने ऐकून घेतले तिचा श्वास पुरेसा राहो. ज्या गावांचे अजून म्हणायचे राहिले आहे त्यांना तोंड उघडण्याचे बळ मिळो, आणि अलिबागच्या त्या अधिकाऱ्यालाही, त्याच्या सवडीने, कर्ता सापडो.